ओल्या मातीत सुकणारं रोप

«काकू, नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते. आमचं वावर खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात आहे, कपाशी आणि तूर असते. दिवाळीत लेक पुण्याहून आली तेव्हा तिनं आफ्रिकन व्हायोलेटचं रोप आणलं, जांभळ्या फुलांचं, चहाच्या कपाएवढ्या प्लास्टिकच्या कुंडीत. तीन महिने ते सतत फुललं. मला वाटलं, बिचारं एवढ्याशा कुंडीत कोंडलं आहे. म्हणून महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी ते मोठ्या मातीच्या कुंडीत हलवलं. वावरातली चांगली काळी माती आणली, कुजलेलं शेणखत मिसळलं. चौथ्या दिवसापासून पानं लोळायला लागली. पाणी कमी पडतं असं समजून रोज सकाळी माठातलं पाणी घालते, पानंही धुते. आज दोन आठवडे झाले. खालची पानं कुंडीच्या काठावर आडवी पडली आहेत, वरच्या पानांवर पांढरट रेघा आणि गोल उमटले आहेत. हे म्हणतात, कपाशीसाठी आणलेलं बुरशीचं औषध घरात आहे, थोडं मारून पाहू. सासूबाई म्हणतात, परदेशी झाड आपल्या उन्हात टिकत नाही, उपटून टाक. लेक मे महिन्यात येणार आहे, तिला अजून काही सांगितलं नाही. पाणी वाढवू का? खत देऊ का? की आशा सोडू?»

ताई, आशा सोडू नका. पण आजपासून त्या कुंडीत पाण्याचा एक थेंबही घालू नका. खतही नको, औषधही नको. बाकीचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुमच्या रोपाला तहान लागलेली नाही, त्याचा श्वास कोंडला आहे. तुम्ही शेतकऱ्याच्या घरातल्या आहात, म्हणून हे तुम्हाला लगेच पटेल. श्रावणात झड लागते, वावर चिबडतं आणि तूर पाण्यात उभी असूनही माना टाकते. तेव्हा कोणी तिला आणखी पाणी देत नाही. चर काढून पाणी बाहेर काढतात. मुळांनाही हवा लागते. ती मिळाली नाही की मुळं कुजतात आणि कुजलेल्या मुळाला समोरचं पाणी पिता येत नाही. पान मग तहानेनं सुकल्यासारखंच दिसतं. माती कोरडी, कुंडी हलकी आणि पान लोळलेलं असेल तर ती तहान. माती ओली, कुंडी जड आणि तरीही पान लोळलेलं असेल तर मुळं गुदमरलेली. तुमची कुंडी उचलून बघा, जड लागेल.

काळ्या मातीला मी नावं ठेवत नाही, तिनंच आपल्याला जगवलं. पण ती ओली झाली की फुगते आणि आतली हवेची जागा बंद करते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. कपाशीचं सोटमूळ खोल जातं, त्याला हे सोसतं. व्हायोलेटची मुळं केसासारखी बारीक असतात आणि वरच्या दोन-तीन इंचांतच पसरतात. ओल्या मातीत ती गुदमरतात आणि भेग पडली की तुटतात.

हे झाड मुळात कुठे वाढतं ते कळलं की त्याची काळजी अर्धी पाठ होते. टांझानियाच्या ईशान्येला उसांबारा नावाचे डोंगर आहेत. तिथल्या जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत, शेवाळ धरलेल्या खडकांच्या फटींत हे रोप मुठभर पालापाचोळ्यावर जगतं. ओल भरपूर असते, पण पाणी खडकावरून वाहून जातं, साचत नाही. १८९२ साली तिथल्या जर्मन अधिकाऱ्याच्या, वॉल्टर फॉन सेंट पॉल यांच्या नजरेत ते आलं आणि त्यांनी ते जर्मनीत वडिलांकडे पाठवलं. पुढच्याच वर्षी हेर्मान वेन्डलांड या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्या घराण्यावरून त्याला सेंटपॉलिया असं नाव दिलं. खऱ्या व्हायोलेटशी त्याचं काही नातं नाही, फुलं तशी दिसतात एवढंच. तेव्हा सासूबाईंचं निम्मं म्हणणं खरं आहे. आपल्या उन्हात ते टिकत नाही, पण ऊन त्याला त्याच्या गावातही नको असतं. बाकी परदेशी म्हणाल तर मिरचीसुद्धा समुद्रापलीकडूनच आली आणि आता भिवापूरची मिरची आपण आपली म्हणूनच सांगतो. दारात सावली आणि ओल जपणारं माणूस असलं की परकं झाडही नांदतं.

आता कामाला लागू. हे उद्या सकाळीच करा, आणखी थांबू नका. पुढे ऊन चढत जाईल आणि तेव्हा नवी मुळं फुटणं अवघड होतं.

कुंडी आडवी करून रोप मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा. पानं धरून ओढू नका, देठ तुटतो. माती बोटांनी हलके मोकळी करा, चिकटून राहिली तर कोमट पाण्याच्या भांड्यात हलवून सोडवा. मग मुळं बघा. पांढरट आणि चिवट मुळं जिवंत. तपकिरी, लिबलिबीत, चिमटीत धरताच वरचं साल निसटून आत दोरा उरतो अशी मुळं मेलेली. ती सगळी कापून टाका. त्यानंतर गळा तपासा. पानांचे देठ जिथे एकत्र येतात त्याच्या खालचा जाड भाग म्हणजे गळा. नव्या ब्लेडनं खालून पातळ चकती कापा. काप हिरवट-पांढरा आणि स्वच्छ दिसला तर थांबा. मध्ये तपकिरी ठिपका किंवा वर्तुळ दिसलं तर ब्लेड पुसून आणखी एक चकती घ्या. स्वच्छ काप लागेपर्यंत वर जात राहा. मुळं एकही उरली नाहीत तरी घाबरू नका. गळा निरोगी असेल तर त्यालाच नवी मुळं फुटतात, महिना-दीड महिना लागतो.

काठावर आडवी पडलेली खालची पानं काढून टाका. मधल्या शेंड्याभोवती आठ-दहा पानं ठेवा. फुलं आणि कळ्या असतील तर त्याही खुडा. मला माहीत आहे, यावर हात जड होतो. पण मुळं नसलेल्या रोपानं फुलं पोसायची म्हणजे उपाशी बाईनं पंगत वाढायची. पुढचे दोन महिने दिसेल ती कळी खुडायची.

कापलेला गळा तासभर सावलीत सुकू द्या, तोवर मिश्रण तयार करा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चार वाट्या, परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) तीन वाट्या, चाळलेलं गांडूळखत अर्धी वाटी. बस. काळी माती चमचाभरही नको आणि शेणखतही नको. कोकोपीटची वीट अमरावतीच्या रोपवाटिकांत मिळते. ती भिजवून, पिळून, पाणी फेकून पुन्हा भिजवायची, असं दोन-तीनदा करायचं, कारण त्यात मीठ असतं. परलाइट मिळालं नाही तर विटांचे तुकडे कुटून ज्वारीच्या दाण्याएवढे चाळून घ्या आणि भुकटी धुऊन टाका. जडपणा येतो, पण चालतं. रेती घालू नका, ती तळाशी बसते. मिश्रण इतकं ओलं हवं की मुठीत दाबल्यावर एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये.

कुंडीचा प्रश्न सोपा आहे. लेकीनं आणली होती तीच घ्या, साबणानं धुऊन. टाकली असेल तर पाव किलो श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला तळाशी पाच-सहा भोकं पाडा. पानं या टोकापासून त्या टोकापर्यंत जेवढी पसरली असतील, त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी कुंडी या झाडाला लागते. नऊ इंच पसारा असेल तर तीन इंचाची कुंडी. ते कोंडलेलं तुम्हाला वाटलं, पण त्याला तसंच आवडतं आणि थोडं अडचणीत असलं की ते जास्त फुलतं. दर सहा महिन्यांनी ते बाहेर काढून मिश्रण ताजं करायचं, कुंडी बहुतेक वेळा तीच राहते. कुंडी बदलणं आणि कुंडी मोठी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बरीच व्हायोलेट या गैरसमजानं जातात. माझं पहिलं रोपही असंच गेलं. आठ इंची कुंडी, गाळाची माती, रोज पाणी. पंधरा दिवसांत शेंडा हातात आला. म्हणूनच तुमचं पत्र वाचून मला राहवलं नाही.

मातीची कुंडी नको म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. तुमच्याकडच्या पाण्यातलं मीठ तिच्या काठावर पांढरं उमटतं. त्या काठावर देठ टेकला की तिथेच भाजल्यासारखा होऊन कुजतो. काठावर आडव्या पडलेल्या पानांच्या देठाखाली बघा, तपकिरी खूण सापडेल.

लावताना गळा मिश्रणात जाऊ द्या, पण शेंडा म्हणजे मधली बारीक पानं पूर्ण वर राहिली पाहिजेत. खालच्या देठांचा मिश्रणाला फक्त स्पर्श व्हावा. दाबून बसवू नका. कुंडी दोनदा हलके आपटा, मिश्रण आपोआप बसतं. मिश्रण आधीच ओलं आहे, म्हणून वरून पाणी घालायचं नाही.

यापुढचे दोन आठवडे सगळ्यात कठीण, कारण त्यात काहीच करायचं नसतं. कुंडीवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी तंबूसारखी घाला. दोन-तीन काड्या खोचा, म्हणजे प्लास्टिक पानांना टेकणार नाही, आणि वर चार भोकं पाडा. मार्चमधली आपली हवा इतकी कोरडी असते की मुळं नसलेल्या रोपाच्या पानांतलं पाणी ती ओढून घेते. पिशवीत ओल टिकते आणि पानं तग धरतात. आत थेंब ओघळायला लागले तर दिवसातून तासभर पिशवी उघडा. पिशवीला ऊन मात्र क्षणभरही लागू देऊ नका, आत भट्टी होते. आठव्या दिवशी बोट टेकवून बघा. मिश्रण कोरडं लागलं तरच कडेनं दोन-तीन चमचे पाणी. रोप उपटून मुळं आली का, हे बघायचं नाही. मधलं एखादं नवं पान ताठ आणि चमकदार दिसलं की समजा, खाली काम सुरू झालं आहे. मग पिशवी एकदम न काढता रोज थोडा जास्त वेळ उघडी ठेवा.

जागा कोणती? अंगणात तुळशीजवळ नाही, तिथे दुपार गाठते. टिनाच्या छताखालच्या खोलीतही नाही. उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी, खिडकीपासून हातभर आत. पुस्तक दिव्याशिवाय वाचता येईल इतका उजेड त्याला पुरतो. देठ लांब होऊन पानं वर ताणली तर उजेड कमी पडतो. पानं पिवळी पडून मधोमध गच्च दाटली तर जास्त होतो.

पानांवरच्या रेघा आणि गोलांचं कारण तुमच्या माठात आहे. तो रोग नाही. खोलीत पान तीस अंशांवर तापलेलं असतं आणि त्यावर माठातलं गार पाणी पडतं. व्हायोलेटच्या पानाला हा अचानक गारठा सोसत नाही. आतल्या हिरव्या पेशी मरतात आणि जिथे पाणी पडलं त्याच आकाराचा पांढरट डाग उमटतो. तो पुसला जात नाही, पण पसरतही नाही. नवी पानं स्वच्छ येतील. यापुढे द्यायचं पाणी आदल्या रात्री तांब्यात काढून त्याच खोलीत ठेवा, म्हणजे पाणी आणि पान एकाच तापमानाला येतात. पानं धुण्याऐवजी मऊ ब्रशनं धूळ झाडा. आणि पाणी कधीही मधल्या शेंड्यात नको.

माठात कोणतं पाणी भरता ते तुम्ही लिहिलेलं नाही. बोअरचं किंवा विहिरीचं असेल तर त्या रोपाला ते अजिबात नको. खारपाणपट्ट्याचं दुःख तुम्हाला मी काय सांगावं. पूर्णेच्या खोऱ्यातली माणसं त्या पाण्यानं पिढ्यान्‌पिढ्या सोसत आली आहेत. एवढ्याशा कुंडीत ते मीठ दर पाण्यासोबत साठत जातं. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून आणखी दाट होतं. पिण्यासाठी आरओची कॅन घेत असाल तर त्यातलंच द्या. आठवड्याला पेलाभर पाणी या रोपाला पुरतं, तेवढं कॅनमधून काढलं तर घरात कमी पडणार नाही. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी पहिल्या दोन सरी सोडून बाटल्यांत भरून ठेवा. त्याच्याइतकं चांगलं पाणी दुसरं नाही.

आता औषधाचं. कपाशीचं बुरशीनाशक म्हणजे बहुतेक कार्बेन्डाझिम असेल. ओल्या कुंडीत मुळं आणि गळा कुजवणारे पिथियम आणि फायटोप्थोरा हे सूक्ष्मजीव खऱ्या बुरशीच्या जातीचे नाहीत, कार्बेन्डाझिम त्यांच्यावर चालत नाही. म्हणजे मारून उपयोग शून्य, आणि ते राहत्या खोलीत येणार. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण अजून विसरलेलो नाही. वावरातली कोणतीही बाटली घरातल्या कुंडीसाठी उघडू नका. यजमानांना माझा नमस्कार सांगा आणि एवढं मात्र मनावर घ्यायला लावा. कुजलेला भाग ब्लेडनं काढणं आणि काप कोरडा ठेवणं, एवढंच खरं औषध आहे.

खत जूनपर्यंत नको. मुळं नसताना दिलेलं खत नवी फुटणारी मुळं जाळतं आणि युरिया तर कधीच नको. पहिला पाऊस पडून हवा निवली, नवी पानं दिसली, की ठिबकमधून देता ते १९:१९:१९ हे विरघळणारं खत चार लिटर पाण्यात एक ग्रॅम, महिन्यातून दोनदा.

गळा कापताना काढलेल्या पानांतून मधल्या रांगेतली तीन-चार ताठ पानं बाजूला ठेवा. सगळ्यात जुनी नकोत, इवलीशीही नकोत. देठ दीड इंच ठेवून तिरका कापा आणि त्याच मिश्रणानं भरलेल्या, तळाशी भोक पाडलेल्या चहाच्या प्लास्टिक ग्लासात अर्धा-पाऊण इंच खोचा. त्यांनाही पिशवी घाला. दोन-तीन महिन्यांत देठाच्या बुडाशी उंदराच्या कानाएवढी पिल्लं निघतात. साध्या जांभळ्या फुलाची जात पानापासून जशीच्या तशी येते. मुख्य रोप उद्या गेलं तरी लेकीचं झाड घरात राहील. हे काम टाळू नका, मी त्यावर सगळ्यात जास्त भरवसा ठेवते.

उन्हाळा कसा काढायचा? या झाडाला १८ ते २७ अंश मानवतात. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ ला टेकतो. म्हणून एप्रिल लागला की ते माजघरात, जाड भिंतीच्या आतल्या बाजूला हलवा. तिथे उजेड कमी असेल तर साध्या एलईडी ट्यूबखाली फूटभर अंतरावर दहा-बारा तास ठेवा. लाइन गेली तर एखादा दिवस काही बिघडत नाही. कूलर लावता त्या खोलीत ठेवलं तर उत्तम, कारण त्याची हवा ओलसर असते, पण झोत थेट पानांवर नको. परातीत बारीक गिट्टी पसरून ती ओली ठेवा आणि कुंडी गिट्टीवर टेकवा. कुंडीचं बूड पाण्यात नको. उन्हाळाभर फूल येणार नाही, पानं थोडी आक्रसतील, काही पिवळी पडतील. ते दुखणं नाही, ते दिवस ढकलणं आहे. मृगाच्या पावसानंतर ते पुन्हा हसायला लागतं.

अनेक जणी वात लावून पाणी देतात. कुंडीतून एक दोर खालच्या डबीत सोडतात आणि रोप लागेल तेवढं पाणी ओढून घेतं. पद्धत चांगली आहे, पण मुळं धरल्यावर, पावसाळ्यात. आपण कापसाच्या मुलखातल्या असलो तरी वात कापसाची नको, ती कुजते. जुन्या नायलॉन साडीची करंगळीएवढी पट्टी वर्षभर चालते.

लेकीला आजच फोन करा. मेमध्ये ती येईल तेव्हा कुंडीत फूल नसेल आणि रोप दिवाळीच्या निम्मंच दिसेल, ते तिनं आधी ऐकलेलं बरं. पुण्यात परलाइट सहज मिळतं, येताना दोन किलो आणायला सांगा. तोवर ग्लासांतली पिल्लं वर आली असतील, ती वेगळी करायला तेच लागेल. रोज पाणी घालायची तुमची सवय मोडायला अवघड जाईल, म्हणून तांब्या त्या खिडकीपासून लांब ठेवा. उद्या गळा कापल्यावर काप कसा निघाला, स्वच्छ की तपकिरी, ते मला लगेच कळवा. अगदी शेंड्यापर्यंत तपकिरी गेला असेल तर मुख्य रोपाचा नाद सोडून सगळं लक्ष त्या ग्लासांकडे द्या.